टिनाच्या थेटरातला अंगठा

शालिकराम अंजनगावला निघाला तो एका अंगठ्यासाठी. दुसरं काही काम नव्हतं.

सांगतो. पण पोट्टेहो, आधी तो बाजा थांबवा. शेवटचं कडवं लागायच्या आत सुई उचला. लग्नाला आणलाय, वाजवा खुशाल. चाल गोड आहे. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत असा पानठेला नाही जिथं हे गाणं वाजत नाही, आणि सकाळी दाढी करताना मीही गुणगुणतो. फक्त माझ्या अंगणात ही तबकडी शेवटच्या कडव्यापर्यंत जात नाही. का, ते ऐका. मग ज्याच्यात धीर उरेल त्यानं सुई ठेवावी.

तर सन अडतीस. नोव्हेंबरची एकवीस तारीख, सोमवार, कार्तिक वद्य चतुर्दशी. ही तारीख मी अंदाजानं सांगत नाही. ती मी त्या दिवशी माझ्या हातानं कागदावर घातली. इथंच दर्यापुरात, तहसिलीसमोरच्या कडुनिंबाखाली माझी अर्जनविशीची पेटी तेव्हाही होती. अकरा वाजले असतील. शालिकराम समोर येऊन बसला. हडकुळा माणूस, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, बोटं मात्र लांबसडक. पेटीवाल्याची बोटं. पेटी म्हणजे बाजाची पेटी, माझ्यासारखी कागदाची नव्हे.

जयवंताबाईच्या टिनाच्या थेटरात यानं नऊ वर्षं पेटी वाजवली होती. तुम्ही ते थेटर पाहिलं नाही, तुमचा जन्म फुकट गेला. अंजनगावच्या पलीकडं, सुर्जीच्या अंगाला, कापसाची एक जुनी वखार होती. वर टिनाचं छत, खाली सागवानी फळ्या, आणि फळ्यांच्या खाली हातभर पोकळी. त्या फळीवर पाय पडला की ढोलकीची गरजच नाही. बाळापूरकडून, वरुडाकडून लोक दमण्या जुंपून यायचे आणि बैल सोडायच्या आधी आत घुसायचे. त्या थेटरावरच हे गाणं आहे:

*चाल गड्या सुर्जीले, टिनाच्या थेटराले,*
*पाय नाचे फळीवर, झिंग चढे गावाले.*

आता रिवाज सांगतो, कारण सारी गोष्ट त्यावर टेकली आहे. पदाच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गोवतात. त्याला छाप म्हणतात. सगळीकडंच गोवतात, पण टिनात त्याच्यापुढचा एक रिवाज होता. छापेची ओळ आली की जयवंताबाई नाच थांबवायची, पानाच्या डब्यातून लवंग टोचलेला विडा उचलायची आणि ज्याचं नाव गाण्यात आलं त्याच्या हातावर सगळ्यांसमोर ठेवायची. अंजनगावचं पान ते. टिन कोसळेल असा गलका व्हायचा. नऊ वर्षं, दर खेळाला, तो विडा शालिकरामनं खाल्ला.

मग थेटर बसलं. टॉकीज आल्या, लोक तिकडं वळले. शालिकराम अकोल्याला एका नाटक कंपनीत लागला, आणि दोन वर्षांत एकदाही सुर्जीकडं फिरकला नाही. टिनातला दुसरा एक गडी, भगवंत, मामा आजारी आहे म्हणून मुंबईला गेला. हा भगवंत म्हणजे शालिकरामचा जीव की प्राण. एका ताटात जेवलेले, एका वाकळेत झोपलेले. दसऱ्याच्या सुमाराला अकोल्यात वाहेदभाईच्या तबकड्यांच्या दुकानात शालिकराम चहा पीत बसला होता. वाहेदभाई म्हणाला, नवा माल आला, ऐका. सुई ठेवली. चाल गड्या सुर्जीले.

शालिकराम मला सांगत होता, पहिल्या दोन कडव्यांना त्याची छाती फुगून आली. भगवंताचा आवाज ओळखला त्यानं. म्हणाला, पठ्ठ्यानं आपलं गाणं मुंबईला पोचवलं. मग शेवटचं कडवं आलं. टिनात ते असं होतं:

*बत्ती इझली, लोक गेले, फळी वाजते अजून,*
*शालिकराम म्हणे बाप्पा, कोण नाचते आतून?*

आणि तबकडीत आलं, *भगवंत म्हणे बाप्पा.*

चहा बशीतच निवला. कोणी शत्रूनं केलं असतं तर माणूस शिव्या देतो. याला शिवीही सुचली नाही. नंतर कितीतरी दिवस तो झोपेतून उठून आपलंच नाव मोठ्यानं म्हणून पाहायचा म्हणे.

वाहेदभाई सरळ माणूस. त्या सोमवारच्या दोन दिवस आधी त्यानं शालिकरामला सांगितलं, थेटरच्या मालकिणीचा लेखी जबाब आणा, अंगठ्यासकट. बुधवारी दुपारी माझं टपाल मुंबईला जातं. कंपनी पुढची खेप काढते आहे, तिच्यावर नाव बदलून घेऊ, जमलं तर तुमच्याच आवाजात नवी तबकडी भरू. बुधवार चुकला तर खेप निघाली, मग मला बोलू नका.

म्हणून तो माझ्यापुढं. मी कागद लिहिला: मी जयवंता, राहणार सुर्जी, लिहून देते की सदरहू पद शालिकराम यांनी रचले असून माझ्या थेटरात नऊ वर्षे त्यांच्याच छापेने गाइले आहे. शालिकरामचं नाव मी जरा मोठ्या अक्षरात काढलं, खाली अंगठ्यासाठी जागा सोडली, तारीख घातली. वाळू टाकून शाई टिपली आणि सहज विचारलं, गाणं तुमचंच ना?

तो कडुनिंबाकडं बघत म्हणाला, "माहं नाई त कोनाचं, वामनराव?"

वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले मी. प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देणारा माणूस मला लगेच कळतो. पण आपण अर्जनवीस. लिहून दिलं.

दर्यापुरातून त्यानं दोन विडे बांधून घेतले, एक स्वतःसाठी आणि एक बाईसाठी. मूर्तिजापूरची छोटी गाडी त्या दिवशी कुठंतरी पाण्यासाठी खोळंबली. अंजनगावला उतरला तेव्हा स्टेशनातल्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. थंडी पडू लागलेली. चतुर्दशीची रात्र, म्हणजे चंद्र नाहीच. कापसाच्या गाड्या निघून गेलेल्या, रस्त्याच्या कडेला बाभळीच्या काट्यांना तेवढे कापसाचे पुंजके अडकलेले. एक गाडीवान शेवटचा बैल जुंपत होता. शालिकरामनं त्याला विचारलं, थेटराकडं येतो का. तो म्हणाला, "थेटरात आता कोन जाते जी?" आणि गाडी उलट्या दिशेला वळवली. थेटर बंद आहे म्हणून असं म्हणाला, असं शालिकरामनं मनाशी धरलं.

चालत निघाला. नदी ओलांडली, पाणी घोट्याइतकं. दोन्ही बाजूंना पानमळे. रात्री पानमळ्यातून एक गार, ओला वास येतो, तो आला. वाटेत तो बाईशी काय बोलायचं ते जुळवत होता. भगवंतानं कसा गळा कापला ते सांगायचं. बाई चिडेल. भगवंताला सात पिढ्यांच्या शिव्या देईल आणि अंगठा उठवून मोकळी होईल. बाईचा जीव होता आपल्यावर.

वळणावर आला आणि थबकला.

टिनात उजेड होता.

जुन्या पत्र्याला खिळ्यांची भोकं पडलेली असतात, त्या भोकाभोकातून उजेडाच्या काड्या बाहेर आल्या होत्या. त्याला बरं वाटलं. बाई जागी आहे. दार नुसतं लोटलेलं. ढकललं तर आवाजही झाला नाही.

आत एकच कंदील. फळीच्या मधोमध बाई बसलेली, पाठमोरी. पुढ्यात पितळी पानाचा डबा. अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. कट्... कट्... बाईच्या उजव्या अंगठ्यावर या अडकित्त्याचीच एक जुनी खूण होती, पेरावर आडवी. तरुणपणी भांडताना लागलेली, असं लोक म्हणत. खरं खोटं देव जाणे.

"आला का शालिक," बाई म्हणाली. मान वळवली नाही. "दोन वर्सं लागले तुले नदी वलांडाले."

त्यानं चपला काढल्या. फळीवर बसला आणि सगळं ओकला. भगवंत, मामा, मुंबई, तबकडी. बाई सुपारी कातरत राहिली. त्याचं संपलं तशी म्हणाली,

"म्हन्जे चोरी झाली."

"हो बाई."

"काय चोरलं?"

"माहं नाव काढून टाकलं ना बाई गान्यातून."

"लय दुखते काय?"

त्यानं कोटाच्या आतून छाती चोळली. म्हणाला, झोप लागत नाही.

"मले बी नोती लागत," बाई म्हणाली.

कंदिलाची वात जराशी हलली. वारा नव्हता.

बाईनं कागद वाचायला सांगितला. त्यानं वाचला. ती म्हणाली, "ठेव फळीवर. अंगठा देतो म्या. पन पयले गानं म्हन. सबन म्हन. आइकल्याबिगर कशी देऊ?"

त्यानं सुरुवात केली. पेटी नव्हती, नुसता गळा. पहिलं कडवं. बाई उठली. तशीच पाठमोरी. पायात चाळ नव्हते. दुसऱ्या कडव्याला फळी वाजू लागली. तोच ठेका. शालिकरामच्या अंगावर जुन्या सवयीनं रोमांच आले. काय पाय होते बाईचे. त्यानं खाली पाहिलं.

बाई उभी होती. जागच्या जागी.

पाय हलत नव्हते.

फळी वाजत होती.

ठेका तिच्या पायाखाली नव्हताच. तो भिंतीपाशी होता... मग दारापाशी... मग शालिकरामच्या मांडीखाली. खालून. पोकळीतून.

गाणं थांबवावं असं त्याला वाटलं. गळा थांबेना. शेवटचं कडवं आलं. *बत्ती इझली, लोक गेले, फळी वाजते अजून...*

पुढं त्याचं नाव.

तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा म्हणाला, *वाजते अजून...* आणि पुन्हा नाव आलं तिथं गळ्यात काहीच नाही. जसं ते नाव कधी नव्हतंच. तिसऱ्यांदा प्रयत्न केला. ओठ हलले तेवढे.

फळी थांबली.

त्या शांततेत बाई म्हणाली, "आठवते काय रे, तो दुपारचा वकत?"

आठवत होतं. नऊ वर्षं अन् वर दोन, त्यानं ते आठवायचं टाळलं होतं. ऐन उन्हाळ्याची दुपार. टिन तापलेलं. बाई ओल्या फडक्यात पानं पुसत होती आणि तोंडानं गुणगुणत होती, पेटीबिगर. चाल गड्या सुर्जीले. एकामागून एक, सगळी कडवी. तो नुसता वहीत उतरवत होता. छापेच्या जागी ती थांबली आणि म्हणाली, इथं माहं नाव घाल. त्यानं समजूत काढली होती. बाईच्या छापेला लोक हसतील, गाणं पहिल्या रात्रीच पडेल, या मोसमात माझं घालू, एकदा चाललं की तुझं घालू. तिनं लगेच मानलं. त्याच्यावर भरवसा होता. गाणं पहिल्याच रात्री चाललं. त्या रात्री तिनं आपल्या हातानं विडा त्याच्या हातावर ठेवला आणि पुढं नऊ वर्षं, दर खेळाला, ठेवत गेली. दर वेळी विडा देताना त्याच्या डोळ्यांत पाहायची. लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे.

तिनं तोंडानं पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंही विषय काढला नाही.

"बाई..." तो म्हणाला.

बाई गाऊ लागली. हळू. जसं त्या दुपारी म्हणत होती तसं.

*बत्ती इझली, लोक गेले, फळी वाजते अजून,*

*जयवंता म्हणे बाप्पा...*

आणि तिनं पाठमोरीच एक हात मागं केला. तळवा वर. रिवाजाप्रमाणं.

विड्यासाठी.

शालिकरामनं खिशात हात घातला. दर्यापूरचा विडा काढला, सुकलेला. त्या तळव्यावर ठेवला. तळवा गार... पानमळ्यातल्या मातीसारखा गार आणि ओला.

कंदील गेला.

काळोख.

मग... कोणीतरी पान चावत होतं. सावकाश. अगदी जवळ.

मग तेही थांबलं.

मग फळी वाजली. एकदाच. कागद जिथं ठेवला होता तिथं.

त्यानं झडप घालून कागद उचलला आणि पळाला. चपला तिथंच. नदी कशी ओलांडली त्याला कळलं नाही. स्टेशनच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. अंगठ्याचा कागद कोटाच्या आत, छातीशी, आणि तो उलगडून बघायची हिंमत नाही.

सकाळी गुलाम नबी आला. थेटरचा जुना ढोलकीवाला, आता स्टेशनावर पानं विकायचा. शालिकरामला अनवाणी पाहून त्यानं आधी चहा पाजला आणि म्हणाला, "देर कर दी, शालिकभाऊ. बाई भाऊबीजेलेच वारली."

गुलाम नबीनं मग हळूहळू सगळं सांगितलं. दसऱ्यानंतर बाईनं अंथरूण धरलं होतं. कोणीतरी ती तबकडी आणली, बाजा तिच्या उशाशी ठेवून लावली, बाईला बरं वाटावं म्हणून. बाई डोळे मिटून ऐकत होती. बोटांनी खाटेवर ठेका धरला होता. शेवटचं कडवं आलं. भगवंताचं नाव आलं. बाईनं डोळे उघडले. ठेका थांबला.

"इतकंच बोलली," गुलाम नबी म्हणाला. "'शालिकचं पुसलं ना... अन माहं?' बस. भितीकडं तोंड केलं. फिर बोलीच नाही."

थेटराच्या दाराला त्याच दिवशी कुलूप घातलं होतं. किल्ली गुलाम नबीच्या कमरेला होती. त्यानं ती दाखवली.

मंगळवारी दुपारी शालिकराम पुन्हा माझ्यासमोर बसला. पायात चपला नव्हत्या. हे सारं त्यानं मला जसं सांगितलं तसं मी तुम्हाला सांगतो आहे. माझं मीठ असेल ते चिमूटभर. शेवटी तो म्हणाला, "वामनराव, गानं तिचं व्हतं. तुमी पुसलं तवा म्या खोटं बोललो." आणि कागद माझ्या पेटीवर ठेवून उठला. बुधवारी तो अकोल्याला गेलाच नाही. खेप निघाली, भगवंताच्या नावानं. तीच ही तुमची तबकडी. शालिकरामनं त्यानंतर पेटीला हात लावला नाही. मागल्या वर्षी तोही गेला. त्या भगवंताचं काय झालं, मला ठाऊक नाही. मुंबईत असेल, मजेत.

तो गेल्यावर मी कागद उलगडला होता.

अक्षर माझं. तारीख माझी. खाली अंगठ्यासाठी मी सोडलेली जागा कोरी. अंगठा होता, पण वर. ओळीच्या मधोमध. शालिकरामच्या नावावर बरोबर दाबून. कातानं माखलेला, लाल. त्याखाली नावाचं एकही अक्षर वाचता येत नाही.

बाईच्या वखारीचा भाडेपट्टाही मीच लिहिला होता, सन सत्तावीसला. त्याची अंगठ्यासकट दुसरी प्रत माझ्याजवळ होती. दोन्ही अंगठे शेजारी ठेवून मी भिंगातून पाहिले. दोन्हींच्या पेरावर आडवी रेघ, अडकित्त्याची. एकाच ठिकाणी तुटलेली.

असो. कागद आत संदुकीत आहे. कोणाला पाहायचा असेल त्यानं उठावं, बॅटरी घेऊन यावं. मी घाबरवत नाही, कागदच आहे. फक्त त्या अंगठ्याला बोट लावू नका. सहा वर्षं झाली...

अजून ओला आहे.